आयसीयूच्या दाराबाहेरचं कोलकाता

ज्यांना कोलकात्यात काय काय बघावं याची यादी हवी आहे, त्यांची आधीच माफी मागते. आम्ही तिथे चार दिवस होतो आणि त्यातला बराचसा वेळ कॉलेजांच्या ऑफिसात, हॉस्टेलांच्या जिन्यांवर आणि एका आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावर गेला. पण मुलीला नर्सिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी कुठे पाठवावं या विवंचनेत असलेले आईबाप हे वाचत असतील, तर त्यांच्या उपयोगाचं इथे बरंच सापडेल. बाकीच्यांनी खाण्यापिण्याचे परिच्छेद वाचावेत.

प्रकरण असं. मी सांगलीत शाळेत गणित शिकवते. माझी मुलगी ऋचा पंचवीस वर्षांची आहे आणि तीन वर्षं मिरजेतल्या एका हॉस्पिटलात, आयसीयूत नर्स आहे. तिला क्रिटिकल केअर नर्सिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर कोर्स करायचा होता. पुण्यातलं एक कॉलेज आणि कोलकात्यातली तीन, अशा चारही ठिकाणी तिचं नाव यादीत लागलं. कुठल्या तरी एकाला सोमवारपर्यंत हो म्हणायचं होतं. पुणं घरापासून चार-पाच तासांवर. कोलकाता म्हणजे देशाचं दुसरं टोक. पण तिच्या वॉर्डातल्या एका सीनियरनं सांगितलं होतं की तिथल्या एका जुन्या हॉस्पिटलात पहिल्या महिन्यापासून पेशंटच्या उशाशी उभं करून शिकवतात. तेव्हापासून बाईसाहेबांच्या डोक्यात कोलकाता बसलं ते बसलंच.

मुलगी बापाच्या वळणावर गेली आहे. आवाज चढवत नाही आणि ऐकतही नाही. मला म्हणाली, "आई, तू नाही म्हणालीस तर मी पुण्याला जाईन. भांडणार नाही. पण एकदा बघून तरी येऊ. न बघता नाही म्हणू नकोस." आता यावर काय बोलणार? म्हटलं चल. ऋचाच्या बाबांना सासूबाईंपाशी ठेवलं आणि तिकिटं काढली.

इथे एक गोष्ट कबूल करते. मी कोलकाता बघायला निघालेच नव्हते. मी तिला परत आणायला निघाले होते. माझा धाकटा भाऊ सुहास रेल्वेत अधिकारी आहे आणि चार वर्षांपासून बदलीवर तिथेच आहे. निघायच्या आधी मी त्याला गुपचूप फोन केला. म्हटलं, "सुहास, तिला ते शहर नको वाटलं पाहिजे. गर्दीत ने, घाम काढ, काय वाटेल ते कर." तो म्हणाला, "ताई, त्यासाठी मी कशाला हवा? जूनमधली हवाच पुरेशी आहे." मी निर्धास्त झाले.

पुण्याहून हावड्याला थेट गाडी आहे. साधारण तीस तास लागतात, थर्ड एसीला माणशी दोन हजारांच्या वर पडतात आणि उन्हाळ्यात तिकीट महिनाभर आधी काढलेलं बरं. खाणं घरून घ्या. आमच्याकडे धपाटे, शेंगदाण्याची चटणी आणि डब्बाभर चिवडा होता. नागपूर येईपर्यंत शेजारच्या बर्थवरच्या काकांनी त्यातला निम्मा चिवडा संपवला आणि आम्हाला छत्तीसगढच्या हवामानाबद्दल बरीच माहिती दिली. ऋचा झोपली होती. आयसीयूतली माणसं मिळेल तिथे आणि मिळेल तेव्हा झोपतात, हे मी तीन वर्षांत शिकले आहे.

मी वहीत कॉलेजांसाठी गुणतक्ता आखला. हॉस्टेल वीस, जेवण वीस, सुरक्षितता वीस, घरापासूनचं अंतर पंचवीस आणि अभ्यासक्रम पंधरा. ऋचा उठली, तिनं तो बघितला.

"अभ्यासक्रमाला पंधरा आणि अंतराला पंचवीस?"

"पेपर मी काढलाय."

"आणि उत्तरही तूच लिहून ठेवलंयस," असं म्हणून ती परत झोपली.

मंगळवारी सकाळी हावड्याला उतरलो. सुहास घ्यायला आला होता. प्रीपेड टॅक्सीच्या रांगेत मीच उभी राहिले, कारण त्याला रांगेत उभं केलं की तो रांगेची व्यवस्था सुधारायला जातो. पिवळ्या टॅक्सी आता कमी झाल्या आहेत, पण एक मिळाली. नव्या पुलावरून नदी ओलांडून गार्डन रीचला सुहासच्या घरी पाऊण तासात पोचलो. रेल्वेची क्वार्टर्स जुनी आहेत. उंच छत, लांब दांड्याचे पंखे, अंगणात फणस. अनघानं, म्हणजे भावजयीनं, पोहे केले होते. तिची सात वर्षांची इरा मला बिलगून म्हणाली, "आत्या, माझा भूक लागला." शाळेत बंगाली आणि इंग्रजी, खेळताना हिंदी. मराठी घरात आई ओरडते तेवढीच. मी तिला सुधारलं नाही. लेकरू मराठीत भुकेलं होतं हेच पुष्कळ.

संध्याकाळी सुहासनं ठरल्याप्रमाणे कट अमलात आणला. ऐन गर्दीच्या वेळी आम्हाला बसमध्ये घातलं आणि धर्मतळ्याला नेलं. घामानं माझी ओढणी पिळून काढावी अशी झाली. मी मनात म्हटलं, शाब्बास. पण खाली उतरल्याबरोबर हा गृहस्थ फुचक्याच्या गाडीपाशी गेला. आपल्या पाणीपुरीचीच ही बहीण, फक्त आत बटाटा झणझणीत आणि पाण्याला लिंबाचा वास. मग म्हणे, इथपर्यंत आलोच आहोत तर मातीच्या भांड्यातलं गोड दही खाऊ. मग त्या दह्याच्या दुकानात बसून याचं सुरू झालं, इथली माणसं कशी, इथे भांडण झालं तरी चार जण मध्ये कसे पडतात, आजारी माणसाला घेऊन निघालं की अख्खी गल्ली बरोबर कशी येते. मी टेबलाखालून पाय मारला. तो म्हणाला, "ताई, पाय लागला तुझा." कुंपणानंच शेत खाल्लं म्हणायचं आणि गप्प बसायचं.

बुधवारी पहिलं कॉलेज, शहराच्या पूर्वेला, बायपासजवळ. गार्डन रीचहून टॅक्सीनं तासाच्या वर लागला आणि चारशे रुपये झाले. काय इमारत होती. काचेचा दर्शनी भाग, आत गारेगार. हॉस्टेलमध्ये प्रत्येकीला वेगळं कपाट, मेसमध्ये इडली-डोशासकट सगळं. प्रात्यक्षिकाच्या हॉलमध्ये दहा-बारा पुतळे पलंगांवर झोपवलेले. ते खोकतात, त्यांची नाडी लागते, बटण दाबलं की त्यांचं हृदय बंद पडतं. मी अंतराचे गुण कापूनही शंभरात सत्तर दिले. प्राचार्य बाई अदबशीर होत्या. ऋचानं त्यांना दोनच प्रश्न विचारले. पहिल्या वर्षी आठवड्यात किती दिवस आयसीयूत, आणि एका विद्यार्थिनीकडे किती पेशंट? उत्तर आलं की पहिले सहा महिने पुतळ्यांवर, मग आठवड्यातून दोन दिवस, तेही निरीक्षण. ऋचानं आभार मानले. लिफ्टमध्ये म्हणाली, "पुतळ्याला भीती वाटत नाही, आई."

तिथून टॅक्सीनं मेट्रो स्टेशन गाठलं आणि मेट्रोनं डमडम. मेट्रो स्वस्त आहे, गार आहे आणि बायकांना बसायला जागा देतात, नाही दिली तर शेजारचे लोक न देणाऱ्याला उठवतात. दुसरं कॉलेज एका वस्तीतल्या गल्लीत, दोन मजल्यांवर. प्राचार्यांनी चहा दिला, संदेश म्हणजे छेन्याची मिठाई दिली, मिरजेची चौकशी केली, स्वतःच्या सुनेबद्दल सांगितलं. मला तर त्या बाई फार आवडल्या. पण कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नव्हतं, मुली रोज दीड तास बसनं दुसरीकडे जायच्या. ऋचानं या वर्षीचं मान्यतेचं पत्र बघायला मागितलं. "प्रोसेसमध्ये आहे," त्या म्हणाल्या. पालकहो, हे लिहून ठेवा. भिंतीवर फ्रेम केलेलं पत्र जुनं असू शकतं. या वर्षीचं मागा, तारीख वाचा, आणि प्रोसेस हा शब्द कानावर आला की संदेश संपवून उठा.

संध्याकाळी मी खुशीत होते. एक कॉलेज पुतळ्यांचं, दुसरं कागद नसलेलं, उरलं ते तिसरं, त्या सीनियरनं सांगितलेलं, जुनाट. ऋचाच्या बाबांना फोन करून सांगितलं, पुण्याचं नक्की झाल्यासारखंच आहे. ते म्हणाले, "ती म्हणाली का तसं?" मी म्हटलं, म्हणेल. ते म्हणाले, "बरं," आणि दुधाचं पातेलं उतू गेलं म्हणून फोन ठेवला.

गुरुवारची जबाबदारी सुहासनं घेतली होती. त्यानं तिसऱ्या कॉलेजशी फोनवर दुपारी अडीचची वेळ ठरवली होती, म्हणजे समोरच्यानं "दुपारी या" म्हटलं आणि यानं परस्पर अडीच ठरवले. त्यानं त्या दिवशी दुपारनंतर रजाही टाकली. रिक्षानं माझेरहाट, तिथून लोकलनं बालीगंज. तिकीट पाच रुपये. स्टेशनाबाहेर बाजार फुललेला. माणसं कडक इस्त्रीचे झब्बे घालून हातात मिठाईचे खोके, आंबे, लिचीचे घोस आणि पिशवीतून शेपटी बाहेर आलेले मासे घेऊन लगबगीनं चाललेली. सुहास म्हणाला, "आज काय झालंय यांना?" चार वर्षं राहिलेल्या माणसानं हे मला विचारलं.

कॉलेजच्या फाटकावर उत्तर मिळालं. ऑफिसला कुलूप. पहारेकरी शांतपणे म्हणाला, "आज जामाईषष्ठी है ना. दो बजे छुट्टी हो गया." जामाईषष्ठी म्हणजे जावयाचा सण. ज्येष्ठातल्या षष्ठीला सासू जावयाला बोलावून ओवाळते आणि जेवू घालते. आपल्याकडे धोंड्याच्या महिन्यात जावयाला तीसतीन अनारसे देतात, पण त्यासाठी कोणी सरकारी कचेऱ्या बंद केल्याचं ऐकिवात नाही. इथे राज्य सरकार अर्ध्या दिवसाची सुट्टी देतं, आणि हे ट्रस्टचं कॉलेजही तीच यादी पाळतं.

सुहास हट्टाला पेटला. "हमारे लिस्ट में तो ये छुट्टी है ही नहीं."

"आप का कौन सा लिस्ट?"

"सेंट्रल का."

"ये तो स्टेट है, दादा," पहारेकरी म्हणाला आणि स्टूल सावलीत ओढून बसला.

केंद्र सरकारच्या नोकरीतली आमची माणसं कुठल्याही गावी गेली तरी त्या गावाच्या नाही, आपल्या छापील यादीच्या दिवसांत राहतात. अनघाला फोन केला तर ती हसत सुटली. "वन्सं, दर वर्षी ऑफिसातले लोक या दिवशी दुपारी पळतात आणि दर वर्षी हे घरी येऊन माझ्यावर चिडतात. तरी यांना सण लक्षात नाही." मला मात्र मनातून बरं वाटलं. देवालाच मान्य नाही म्हटलं, चला घरी.

ऋचा जागची हलली नाही. "कॉलेज बंद आहे. हॉस्पिटल तर बंद नाही ना?"

कॉलेजचं हॉस्पिटल शेजारीच होतं. सुहास खाली चहाच्या टपरीवर थांबला, आम्ही दोघी वर गेलो. चार ते सहा भेटायची वेळ. आयसीयू दुसऱ्या मजल्यावर, बाहेर लांबलचक हॉल, लाकडी बाकडी, वर पंखे. दारावरच्या माणसानं विचारलं, "आप लोग पेशंट पार्टी है?" तिथे रुग्णाच्या नातेवाइकांना पेशंट पार्टी म्हणतात. ऋचानं आपलं नर्सचं ओळखपत्र दाखवलं, पुढच्या शिक्षणासाठी आले आहे, फक्त बसायचं आहे म्हणाली. त्यानं बसू दिलं.

मी वैतागले होते. "इथे बसून काय कळणार आहे तुला? आत तरी सोडणार आहेत का?"

"आतलं बाहेरच कळतं," ती म्हणाली. "या लोकांना आतल्या सिस्टरचं नाव माहीत आहे का, एवढं मला बघायचंय."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"कुठल्याच नाही. पण जिथे माहीत नसतं तिथे मी काम करून आलेय."

आमच्या शेजारी शेफाली नावाची बाई होती, माझ्याच वयाची. बारुईपूरहून रोज लोकलनं येते. नवरा आठ दिवस व्हेंटिलेटरवर. मोडक्या हिंदीत तिनंच सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता कागदातले चुरमुरे माझ्या हातावर घातले. ऋचानं विचारलं, आत कोण बघतं त्यांना? "दिवसा सुमित्रादी, रात्री मिठूदी," ती पटकन म्हणाली. दी म्हणजे ताई. पलीकडच्या म्हाताऱ्यानंही मान हलवून सांगितलं, सुमित्रादी. ऋचानं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

थोड्या वेळानं शेफालीची मुलगी आणि जावई आले. लग्नानंतरची त्यांची पहिलीच जामाईषष्ठी. घरी काही करायचं नाही असं ठरलं होतं म्हणे. पण शेफालीनं पिशवीतून ताडाच्या पानाचा पंखा काढला, बाटलीतलं पाणी त्यावर शिंपडलं आणि त्या हॉलमध्येच जावयाला वारा घातला. हळदीत बुडवलेला दोरा त्याच्या मनगटाला बांधला. डब्यातून एक आंबा आणि दोन संदेश दिले. जावई मान खाली घालून उभा होता, त्याचे डोळे भरले होते. सगळा हॉल बघत होता. नवरा आत तसा, आणि ही बाई सण चुकवत नव्हती.

तेवढ्यात दार उघडून नर्स बाहेर आली. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा कपाळावर. हीच सुमित्रादी. "सात नंबर," एवढंच म्हणाली, आणि शेफालीनं डबा पिशवीत ठेवेपर्यंत दारातच थांबली. मग शेफालीजवळ बसून तिनं सावकाश सांगितलं, आणि जावयानं आम्हाला ते हिंदीत उलगडून दिलं, ताप उतरलाय, लघवी बरी होतेय, अजून धोका टळलेला नाही. शेफालीनं दोऱ्याचा उरलेला तुकडा पुढे केला, त्यांच्या उशाशी ठेव म्हणून. सुमित्रादीनं मान हलवली. आत काही नेता येत नाही. मग आमच्याकडेही बघत हिंदीत म्हणाली, "चीज नहीं ले जा सकती. खबर ले जाती हूँ."

आत एकालाच सोडतात. शेफालीची मुलगी गेली. दहा मिनिटांनी परत आली ती एकाच वेळी रडत आणि हसत. सुमित्रादीनं तिच्या बाबांच्या कानाशी वाकून सांगितलं होतं, आज जामाईषष्ठी आहे, जावई आलाय, तुमच्या बायकोनं बाहेर सगळं व्यवस्थित केलंय.

मी ऋचाला विचारलं, "त्यांना ऐकू येतं?"

"माहीत नाही. कधी येतं, कधी नाही."

"मग?"

"सांगायचं असतं, आई. वार कुठला, बाहेर कोण आलंय, आता सुई टोचणार आहे. आपण सांगितलं नाही तर त्याला कोण सांगणार?"

"तूसुद्धा सांगतेस?"

"रोज."

तीन वर्षं ही मुलगी माझ्या घरून डबा घेऊन कामाला जाते. परत आली की मी विचारते जेवलीस का, ड्युटी कुठली, गाडी वेळेवर होती का. आत काय करतेस, हे एकदाही विचारलं नव्हतं. माझ्या लेखी ते मशीन आणि नळ्यांचं काम होतं. दोन हजार किलोमीटर येऊन, परक्या बाईकडे बघून मला माझ्या मुलीचा उद्योग कळला. लाज वाटली, आणि तिचा फार अभिमान वाटला. वहीतला तिसरा रकाना मी काही भरला नाही.

भेटायची वेळ संपल्यावर सुमित्रादी ऋचाशी पाच मिनिटं बोलली. बांग्ला येते का? नाही. मला वाटलं, सुटलो. पण ती हसली. "नलीवाला पेशंट तो किसी भी भाषा में नहीं बोलता. आँख से बोलता है, वो तुमको आता है. मुश्किल पेशंट पार्टी का है. उनके लिए सीखना पड़ेगा." मग ऋचाच्या डोक्यावर हात ठेवून आत निघून गेली.

शुक्रवारी सकाळी कॉलेज उघडलं. कागद चोख, या वर्षीचं पत्र समोर ठेवलं. पहिल्या महिन्यापासून आठवड्यात चार दिवस आयसीयू, स्टायपेंड थोडा पण आहे. हॉस्टेल जुनं, एका खोलीत तिघी, पंखा आवाज करतो, न्हाणीघराच्या दाराची कडी दोनदा ओढावी लागते. मेसच्या वरणात साखर असते. सांगलीच्या मटणावर वाढलेल्या मुलीला माशाचे काटे काढायला शिकावं लागणार. हे सगळं तुम्हीही बघून घ्या, नुसत्या माहितीपत्रकावर जाऊ नका.

दुपारी गार्डन रीचला घाटावर मातीच्या कुल्हडातून चहा पिताना मी ऋचाला कटाची कबुली दिली. मी सुहासला काय सांगितलं होतं ते सगळं. ती चहा पीत राहिली.

"मला माहीत होतं. तू टॅक्सीच्या रांगेत होतीस तेव्हाच मामानं सांगितलं."

मी सुहासकडे बघितलं. तो नदीकडे बघत म्हणाला, "ताई, तू सांगितलंस ते मी सगळं दाखवलं. आता शहरच तसं आहे त्याला मी काय करू?"

हसू आलं. पण दोन वर्षं. ताप आला तर तिच्या कपाळावर हात कोण ठेवणार? हिच्या लग्नाचं काय, हिची आजी तोवर असेल का, सगळं एकदम डोक्यात आलं. मला ती जायला नको होती. हे मी आजही तसंच लिहिते, कारण पोस्ट वाचून कुणाला वाटू नये की मी रातोरात फार मोठ्या मनाची झाले.

परतीच्या गाडीत ती पुण्याबद्दल काही बोलली नाही आणि कोलकात्याबद्दलही नाही. कबूल केल्याप्रमाणे माझ्या तोंडाकडे बघत राहिली. शनिवारी दुपारी नागपूरच्या आधी कुठेतरी गाडी बराच वेळ उभी होती. मी म्हटलं, "सोमवारी त्यांना कळवून टाक."

"कुणाला?"

"सुमित्रादीच्या कॉलेजला. आणि बंगाली शिकायला लाग. दोन महिने आहेत."

तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

आता घरी येऊन तीन आठवडे झाले. सोबत आणलेले संदेश पहिल्याच दिवशी संपले, सासूबाईंना ते कमी गोड वाटले. गार्डन रीचहून इरा फोनवर ऋचाला बंगाली शिकवते आणि बदल्यात मराठी शिकते, दोघींचंही बेतास बात चाललंय. मी गेल्या शनिवारी, शाळा सुटल्यावर, न सांगता मिरजेला तिच्या हॉस्पिटलात गेले. भेटायच्या वेळेला आयसीयूच्या बाहेर, इतर सगळे बसतात तिथे जाऊन बसले.

शेजारी जतकडचे एक आजोबा होते. त्यांनी विचारलं, "तुमचं कोण हाय आत?"

"मुलगी."

"कितव्या बेडवर?"

"पेशंट नाही. ती इथे नर्स आहे. ऋचा."

त्यांनी लगेच पलीकडच्या बायकोला हाक मारली, "अगं, ऋचा शिस्टरच्या आई हायत या." त्या उठून माझ्याजवळ आल्या आणि माझा हात धरला. त्यांचा मुलगा अकरा दिवस आत होता. म्हणाल्या, "परवा मला म्हनाल्या, मी त्याला सांगणार हाय, आई जेवली म्हणून. मला खोटं बोलायला लावू नका. मग मी जेवले." त्या हात सोडेनात. "पन त्या कलकत्त्याला जाणार म्हनं. तुम्ही आई हाय, तुम्ही थांबवा की वो त्यांना."

"थांबवायलाच गेले होते," मी म्हटलं.

"मग?"

"मग बघून आले."

त्यांना ते कळलं की नाही, माहीत नाही. तेवढ्यात दार उघडलं आणि ऋचानं सहा नंबरच्या नातेवाइकांना हाक मारली. बाई माझा हात सोडून तिच्याकडे धावल्या.